डोळ्याजवळचे छोटे चाक

यंदा ऋषिपंचमीच्या दुपारी, विसर्जनाची तयारी सुरू होण्याआधी, आईने माझ्या हातातला कॅमेरा मागितला. गिरगावातल्या आमच्या खोलीत सणावाराचे फोटो गेली अनेक वर्षे मीच काढते, आणि म्हणून मी कोणत्याच फोटोत नसते, हे बरेच दिवस तिच्या मनात असावे. "तू बस मखराशेजारी. आज मी काढते," असे म्हणून तिने ओले हात पदराला पुसले आणि नैवेद्याचे ताट धरावे तसा कॅमेरा दोन्ही हातांनी धरला. डोळा कॅमेऱ्याच्या खिडकीला लावला. मग खाली घेतला, पापण्या चोळल्या, पुन्हा लावला. "पुसट दिसतंय गं. तुझा चेहराच कळत नाहीये," ती म्हणाली. मी बसल्या जागेवरूनच सांगितले, की तू नुसते बटण दाब, बाकीचे कॅमेरा पाहून घेतो. तिने दाबले. पडद्यावर पाहिले तेव्हा माझ्या चेहऱ्याच्या जागी एक फिकट डाग होता आणि मागचे मखर विरघळल्यासारखे झाले होते. एवढ्यात माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने कॅमेरा ओढून घेतला, डोळा लावला आणि "आत्या, मला तर आतले बारीक आकडेसुद्धा स्वच्छ दिसतायत" असे जाहीर करून टाकले. तिला दिसते आहे, म्हणजे कॅमेऱ्यात काही बिघाड नाही, असा सरळ हिशोब मी मांडला. "आई, डोळे दाखवून घे एकदा. नंबर वाढला असेल," मी म्हणाले. "हो गं, आता वय झालंच," एवढेच बोलून ती ऋषीच्या भाजीचे पातेले आवरायला आत गेली.

पुढच्याच आठवड्यात ती एकटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. चार वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. डॉक्टरांनी समोरच्या पाटीवरच्या ओळी वाचून घेतल्या, थेंब घालून आत पाहिले आणि डोळे उत्तम आहेत, काही बदलायला नको, असे सांगून तिला परत पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात सुटल्यासारखा आनंद होता. आठवडाभर तिने काय काय मनात आणले असेल, याची मला त्या आनंदावरूनच कल्पना आली.

मग तिला पुसट दिसले ते काय?

हा प्रश्न मला सोडेना, कारण या कॅमेऱ्यातली एकही गोष्ट मी घाईने निवडलेली नाही. बोराबाजारात मी तीन शनिवार गेले होते. सीएसएमटीहून फोर्टाकडे निघाले, की हातगाड्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांमधून वाट काढत त्या गल्लीत शिरायचे, आणि मग दोन्ही बाजूंनी काचेच्या कपाटांतून लेन्सांचे जांभळे-हिरवे डोळे आपल्याकडे पाहू लागतात. माझ्या वहीत मेगापिक्सेलचे आकडे होते, सेन्सरची, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या चिपची, मापे होती. पूर्ण आकाराचा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटर आणि त्याहून लहान, सर्रास वापरला जाणारा, साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी, एवढे पाठ करून मी गेले होते. दुकानदाराने वही पाहिली आणि एकच विचारले, "ताई, फोटो घरातले काढणार की बाहेरचे?" मग त्याने तीन कॅमेरे काउंटरवर ठेवले आणि एकेक हातात घेऊन करंगळी कुठे जाते ते बघा, असे सांगितले. एका कॅमेऱ्यावर करंगळीला जागाच नव्हती, ती खाली लोंबत होती. दुसरा इतका जड होता, की दहा मिनिटांत मनगट बोलू लागले. तिसरा हातात बसला. मेगापिक्सेलची माझी काळजी त्याने कागदावर हिशोब करून मिटवली. 24 मेगापिक्सेल म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके, आणि इंचाला 300 ठिपके धरून छापले तरी 20 बाय 13 इंचांचा फोटो निघतो. आमच्या घरातली सर्वांत मोठी फ्रेम 12 बाय 15 इंचांची आहे, आणि ती बाबांची आहे.

कॅमेऱ्यात थोडे कमी पैसे घालून ते लेन्सला द्यावेत, हे माझे मत तेव्हा बनले आणि आजही बदललेले नाही. कॅमेरा पाच-सात वर्षांत जुना ठरतो, चांगली लेन्स मात्र दोन-तीन कॅमेरे पाहते. मला हवी होती ती 35 मिलिमीटरची, एफ 1.8 छिद्राची (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) लेन्स नव्याने परवडत नव्हती, म्हणून वापरलेली पाहिली. ती कशी तपासायची हे मी त्या काउंटरवर शिकले. दुकानदाराने दोन्ही बाजूंची झाकणे काढली, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूला धरला आणि लेन्स हळूहळू तिरकी करत मला समोरून पाहायला लावले. सरळ पाहिले तर काच स्वच्छ होती. तिरपा उजेड पडला तेव्हा कडेला, आतल्या भिंगावर, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू दिसले. "फंगस. ही नको," म्हणून त्याने ती आपणहून बाजूला ठेवली. आपल्या हवेत हा रोग घरोघरी आहे. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली, की चामड्यातला ओलावा आणि अंधार मिळून बुरशीला पोसतात. तंतू पुसून काढता येतात, पण काचेवरचा लेप त्यांनी एकदा खाल्ला असेल तर तो डाग जन्मभराचा. माझ्या लेन्स आता घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. सोबत केशरी सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक असतो, काटा 40 ते 50 टक्क्यांमध्ये राहतो, आणि दाणे हिरवट झाले की मी ते तापवून पुन्हा केशरी करून घेते. आईच्या लोणच्याच्या बरणीइतकीच निगा या डब्याची राखावी लागते.

35 मिलिमीटरच का, याचे उत्तर मात्र दुकानात नव्हते. ते आमच्या खोलीत होते. सगळे 50 मिलिमीटरची शिफारस करतात, आणि ती स्वस्तही असते, म्हणून एका मैत्रिणीची 50ची लेन्स मी आठवडाभर आणून पाहिली. खोली दहा बाय बारा. समोरच्या भिंतीला मखर आणि मागे गोदरेजचे कपाट. कपाटाला पाठ लावून, श्वास आत ओढून उभे राहिले तरी दहा फुटांपेक्षा जास्त अंतर मिळत नाही, आणि तेवढ्या अंतरावरून माझ्या सेन्सरवर 50च्या लेन्समधून जेमतेम पावणेपाच फूट रुंदी मावते. म्हणजे आई, दादा आणि वहिनी खांद्याला खांदा लावून बसले, की भाचीचा एक हात चौकटीबाहेर. 35 मिलिमीटर लावली, की तीच रुंदी साडेसहा फुटांच्या पुढे जाते आणि सगळे घर मावते. सोबत मिळालेल्या 18-55च्या लेन्सने त्याहून जास्त मावले असते, पण संध्याकाळच्या आरतीत तिला उजेड पुरत नाही. तिचे छिद्र 35ला फार तर एफ 5च्या आसपास उघडते, तर एफ 1.8चे छिद्र सातपटींहून जास्त उजेड आत घेते. निरांजनाच्या ज्योतीने उजळलेला आईचा चेहरा, बाजूचा सगळा अंधार न बिघडवता, मला त्या लेन्समधून पहिल्यांदा मिळाला. मोठमोठ्या घरांत राहणाऱ्यांनी लिहिलेला सल्ला गिरगावच्या खोलीला लागू पडेलच असे नाही. लेन्स घेण्याआधी आपल्या घरात टेप लावून मोजावे, असे मी आता विचारणाऱ्याला सांगते.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा निवडावा लागलाच नव्हता. बाबांनी लग्नाआधी घेतलेला तो अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, काळा, खोक्यासारखा, आणि हातात घेतला की आश्चर्य वाटावे इतका हलका. त्यात 120चा रोल घालायचा, बारा चौकोनी फोटो निघायचे, आणि मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत गोल खुंटी फिरवायची. ऊन आणि ढग अशी चिन्हे होती, त्यातले आकाशाकडे बघून ठरवायचे. फोकस नावाची गोष्टच नव्हती. आठ-दहा पावलांवर उभे राहायचे आणि दाबायचे. त्याची खिडकी म्हणजे साधी काच होती, तिच्यातून आजोबांना, बाबांना, आईला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना सारखेच दिसायचे. म्हणून तो कॅमेरा सगळ्यांचा होता. कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटासमोर बाबा मला खांद्यावर घेऊन उभे आहेत, तो फोटो आईने काढलेला आहे. बूट थोडा कलला आहे, बाबांच्या पायांजवळ एका अनोळखी मुलाचा फुगा आला आहे, पण बाबा हसताना डोळे बारीक करायचे ते त्यात जसे आहे तसे आहे. 12 बाय 15च्या फ्रेममध्ये आहेत ते बाबा म्हणजे त्याच फोटोचा मोठा केलेला भाग. माझ्याकडे बाबांचे शेकडो डिजिटल फोटो असताना, ते गेले त्या आठवड्यात आईने दुसरा कोणताही फोटो लावू दिला नाही.

नवा कॅमेरा घरी आणल्यावर मी त्याची मांडणी, म्हणजे सेटिंग, करायला घेतली, आणि ती दोन वर्षे चालू राहिली. या मांडणीत मला फार आनंद मिळाला, हे मला मान्य केले पाहिजे. नव्या स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवायचे हे हळूहळू ठरत जाते, तसा प्रत्येक बटणाचा उपयोग ठरत गेला. पहिली गोष्ट मी केली ती फोकसची. कारखान्यातून येतो तेव्हा कॅमेरा शटरचे बटण अर्धे दाबले की फोकस करतो आणि पूर्ण दाबले की फोटो घेतो. मी फोकस तिथून काढून मागच्या अंगठ्याजवळच्या बटणावर दिला. लोकलच्या दारात, गर्दीत, विसर्जनाच्या रांगेत हे फार सोयीचे पडते. अंगठा दाबून ठेवला की कॅमेरा हलत्या माणसाचा पाठलाग करतो, सोडला की जिथे होता तिथेच थांबतो, आणि बोट फक्त क्षण पकडायला मोकळे राहते. मग आयएसओची, म्हणजे उजेडाला सेन्सर किती संवेदनशील राहील त्याची, मर्यादा 6400 ठेवली. शटरचा वेग घरात एकशेपंचविसांश सेकंदाच्या खाली जाऊ नये, अशी अट घातली, कारण आमच्या घरात कोणी स्थिर बसत नाही. आरतीच्या शांततेत खटखट नको, म्हणून शटरचा आवाज बंद केला. मोरी आणि ओटा यांच्या मधल्या कोपऱ्यात ट्यूब पिवळट दिसते, तिच्यासाठी पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) वेगळा जपून ठेवला. बोरिवलीहून एसी लोकलने यायचे असेल, तर चर्नी रोडला उतरल्यावर पिशवीची चेन निदान वीस मिनिटे उघडायची नाही, हा नियमही या मांडणीचाच भाग झाला. गार झालेल्या काचेवर फलाटाची दमट हवा क्षणात दव धरते, आणि ते पुसत बसले की लेन्सवर फराटे उमटतात.

मार्च-एप्रिलमध्ये शिवडीच्या जेट्टीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाते तेव्हा लांबची लेन्स लावते. भरतीच्या आगेमागे चिखलावर ती गुलाबी रेघ सरकत जवळ येते, मागे 2024च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू क्षितिजाला टेकलेला असतो, आणि एक पक्षी पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक रंग हजारांश सेकंद दिसतो आणि मिटतो. अशा वेळी अंगठ्याखालचे ते बटण मला माझ्याच शरीराचा भाग वाटते. ऊन चढले, चिखलावरची हवा थरथरू लागली, की कितीही महाग लेन्स काही करू शकत नाही, तेव्हा मी पिशवी बंद करते. सांगायचे एवढेच, की कॅमेरा हळूहळू माझ्या हाताच्या, माझ्या सवयींच्या मापाचा होत गेला, आणि त्यात काही गमावले जात असेल, असा विचार मला एकदाही आला नाही.

आईचा फोन आला त्या रात्री मी तिने काढलेला तो पुसट फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. माझा चेहरा पुसट होता, मखर पुसट होते, पण खाली, चौकटीच्या अगदी कडेला, निरांजनाच्या तबकाची जवळची कड धारदार होती. तिच्यावरचा हळदीचा बोटाचा ठसासुद्धा मोजता येत होता. आईला कॅमेरा देण्याआधी मी ऋषीच्या भाजीचा फोटो घेतला होता, दीड-दोन फुटांवरून, अळूच्या देठांवरची वाफ दिसावी म्हणून. कॅमेरा तिथेच थांबला होता. आईने शटर दाबले तेव्हा त्याने फोकस केलाच नाही, कारण शटर दाबून फोकस करू नकोस, असे त्याला मीच शिकवले होते. अंगठ्याजवळ एक बटण आहे आणि ते दाबून धरायचे आहे, हे आईला कोण सांगणार होते?

पण तिला तर खिडकीतूनच पुसट दिसत होते, आणि भाचीला दिसत नव्हते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. डोळ्याला लावताना मी चष्मा काढते, ही सवय इतकी जुनी आहे, की ती माझ्या लक्षातही राहत नाही. त्या रात्री चष्मा काढलेला हात टेबलावर येता येता थांबला. माझा नंबर उणे अडीच आहे. चष्मा काढूनही मला खिडकीत स्वच्छ दिसते, कारण खिडकीच्या कडेला एक हरभऱ्याच्या डाळीएवढे खाचांचे चाक असते, डायऑप्टरचे, आणि ते मी पहिल्याच दिवशी माझ्या नंबरावर फिरवून ठेवले होते. पुन्हा कधी हात लावायची गरज पडली नव्हती. चष्मा घालून पाहिले, आणि आईने पाहिले होते तसे पाहिले. सगळे धुरकट होते. जरा ताण दिल्यावर चित्र सावरले, पण कपाळात कळ आली. माझ्या भाचीला असा ताण जाणवलाही नसेल, कारण मुलांच्या डोळ्यातले भिंग मऊ असते, ते क्षणात फुगते आणि एवढा फरक पचवून टाकते. आईच्या डोळ्यांतली भिंगे शस्त्रक्रियेत बसवलेली आहेत. कोणते बसवायचे, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा तिने लांबचे स्वच्छ दिसणारे, एकाच अंतराचे निवडले होते. वाचायला चष्मा चालेल, पण गॅलरीतून रस्त्यावरचा माणूस ओळखू आला पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. ते भिंग फुगत नाही. तिचे डोळे अगदी ठीक होते आणि माझा कॅमेरा माझ्या डोळ्यांपुरता ठीक होता, आणि त्या दोहोंमध्ये उभी राहून मी तिला वय झाल्याचे सांगितले होते.

त्या रात्री तिला फोन करून हे सांगावे असे वाटले, पण फोनवर ते कसे सांगायचे ते सुचले नाही.

रविवारी गिरगावात गेले. जाण्याआधी मांडणी बदलली. माझ्या कॅमेऱ्याच्या वरच्या डायलवर स्वतःची मांडणी जपून ठेवायला सी-वन नावाची एक जागा आहे, ती इतकी वर्षे रिकामीच होती. तिथे मी शटरवरचा फोकस परत आणला, चेहरा ओळखण्याची सोय चालू केली आणि बाकी सगळे कॅमेऱ्यावर सोपवले. डायऑप्टरचे चाक मात्र अशा कोणत्याही मांडणीत जपले जात नाही, ते हातानेच फिरवावे लागते. आईला खुर्चीत बसवून मी तिच्या हातात कॅमेरा दिला आणि समोरच्या वस्तूंकडे पाहू नकोस, आत खाली बारीक आकडे दिसतात, त्यांच्याकडे बघ, असे सांगितले, कारण समोरची वस्तू पुसट असण्याला दुसरी कारणे असू शकतात, आकड्यांना नसतात. मी चाकाचा एकेक दात फिरवत होते. "नाही. नाही. थोडं बरं. अजून. थांब, गेलं पुन्हा. मागे घे." मी एक दात मागे घेतला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कॅमेरा माझ्या बाजूला वळवून म्हणाली, "अगं, तुझी चमकीसुद्धा दिसतेय." भाचीची गुलाबी नेलपॉलिशची बाटली खोलीच्या खिडकीत होती. टाचणीच्या टोकाने मी चाकावर एक ठिपका दिला आणि बाजूच्या काळ्या प्लॅस्टिकवर दोन, एक माझ्या नंबराशी, एक तिच्या.

ते वाळेपर्यंत तिने मला देव्हाऱ्याखाली बसवले. गणपतीतले दिव्यांचे तोरण तिने अजून देव्हाऱ्यावरून उतरवलेले नव्हते. तिने दाबले, थांबली, पुन्हा दाबले, असे चार वेळा. "निघाला का गं? आवाजच नाही," ती म्हणाली. फोटो चारही निघाले होते आणि चारही स्वच्छ होते, फक्त तोरणाच्या उजेडात माझ्या चेहऱ्यावर आडवे काळपट पट्टे पडले होते. हे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात आणि बिनआवाजाचे शटर चित्र ओळीओळीने वाचते, त्यामुळे काही ओळी उजेडात सापडतात आणि काही अंधारात. मी आवाजाचे शटर चालू केले आणि वेग शतांश सेकंदावर आणला. पाचव्या वेळी ‘खट’ असा आवाज झाला. "हां, आता निघाला," म्हणत ती मागे सरली आणि तिची पाठ कपाटाला लागली. कॅमेरा तिने खाली घेतला नाही.

"जरा डावीकडे सरक," ती म्हणाली. "ते कॅलेंडर मध्ये येतंय."